प्रार्थनेतली गाळलेली ओळ

३ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

प्रभूमध्ये सलाम. दोन महिने तुझं पत्र नाही. म्हणजे तू कामात आहेस किंवा माझ्यावर चिडली आहेस. पहिलंच खरं असावं असं धरून लिहितो.

आपल्या मधल्या भावाचे कान गेले. एकदम नाही. त्याच्या बाइंडिंगच्या कारखान्यात घड्या घालायच्या यंत्राशेजारी उभं राहून थोडे थोडे गेले, आणि आम्ही सगळे म्हणत राहिलो की हा लक्ष देत नाही. त्याच्या बायकोनं, तुझ्या वहिनीनं, हाका मारून मारून स्वतःचा गळा बसवून घेतला. मागच्या आठवड्यात मी त्याला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. उजवा कान संपला आहे, डावा फार तर वर्षभर साथ देईल. श्रवणयंत्राचा उपयोग नाही. ऐकू येतंय तोवर हातांची भाषा शिकून घ्या, म्हणाल्या, ओळखीत कुणी शिकवणारं आहे का? मधला माझ्या ओठांकडे बघत होता. मी गप्प बसलो. मी गप्प बसलो हे तू कुणाला सांगितलंस तरी पटणार नाही.

धाकटे, कर्णबधिरांना माझी बहीण शिकवते तसं शिकवणारं दुसरं कुणी मला माहीत नाही. तो दोन महिने तुझ्याकडे राहायला आला तर? विचारायची हिंमत त्याला नाही, म्हणून मी विचारतो. अकरा वर्षं झाली. मी चर्चचा पाळक आहे, माझ्या निम्म्या प्रवचनांत क्षमा असते, आणि माझ्याच घरात तिचा पत्ता नाही. लोकांना हे माहीत नाही. मला माहीत आहे.

लवकर लिही. रागावून लिहिलंस तरी चालेल.

तुझा,
दादा


१२ फेब्रुवारी

दादा,

कामातही होते, आणि थोडी चिडलेलीही.

'अकरा वर्षं झाली' असं तू लिहितोस, जणू मला सर्दी झाली होती आणि ती आता बरी व्हायला हवी. अपघाताचा मला राग नाही. शाळेच्या वह्यांची घाई होती, मी माझ्या शाळेच्या सुट्टीत तिकडे मदतीला आले होते. जाळी असली की हात सावकाश चालतो म्हणून त्यानं कापायच्या यंत्राच्या पात्यापुढची जाळी काढून ठेवली, आणि मला सांगायचं विसरला. माणूस विसरतो. पण मी दवाखान्यात असताना तपासणी अधिकाऱ्याला त्यानं जबाब लिहून दिला, की बहिणीनं घाईच्या भरात स्वतःच जाळी बाजूला केली. खाली सही. तो कागद मी वाचला आहे. एवढी शुद्ध भाषा त्याला कुठून सुचली कुणास ठाऊक, एरवी त्याला साधी चिठ्ठी लिहायची तर घाम फुटतो. बहिऱ्यांना शिकवणाऱ्या बाईची बोटं म्हणजे तिची जीभ. ती कापली गेली, आणि वर हा म्हणाला, हिनंच कापून घेतली.

आता तुला एक गोष्ट सांगते, ती मी कुणाला सांगितलेली नाही.

चर्चच्या बाजूच्या खोलीत दर रविवारी आमची प्रार्थना असते, तुला माहीत आहे. वीस-बावीस जण येतात. मी पुढं उभी राहून प्रभूची प्रार्थना हातांनी म्हणते आणि ते माझ्यामागून म्हणतात. बरेचजण कधी शाळेत गेले नाहीत, त्यांनी ही प्रार्थना माझ्या हातांवरूनच पाठ केली आहे. 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांना सोडले आहे, तशी तू आमची ऋणे सोड', या क्षमेच्या ओळीला एक खूण आहे. उजव्या हाताची बोटं डाव्या तळव्यावरून हलकेच पुढं सारायची, धूळ झटकावी तशी. मी ती करायला गेले की तळव्याला दोन बोटं लागतात आणि दोन खुंट लागतात. बरं होऊन आल्यावर पहिल्याच रविवारी माझे हात तिथं थांबले. काहीतरी करायला हवं म्हणून मी ते जोडले, मान खाली घातली आणि पुढच्या ओळीला गेले.

माझं बघून सगळ्यांनी हात जोडले. तेव्हापासून आम्ही त्या जागी हात जोडतो. तुझ्यासारखे एक पाळक मध्यंतरी पाहुणे म्हणून आले होते, ते म्हणाले, प्रार्थनेच्या मधोमध ते क्षणभराचं मौन फार भिडलं.

तर दादा, ज्या बाईच्या प्रार्थनेत ती ओळच नाही तिच्याकडे त्याला कशाला पाठवतोस?

धाकटी


१७ फेब्रुवारी

धाकटे,

हे पत्र मी उभ्यानं लिहितोय, कारण बसवत नाही.

अकरा वर्षं! एक माणूस स्वतःपुरता अडला असता तर मी समजू शकलो असतो. तू बावीस माणसांना घेऊन अडलीस. अगं, ती प्रार्थना नीट बघ. आपण मागतो, मागतो आणि मागतोच. त्याचं राज्य यावं म्हणतो, रोजची भाकर मागतो, संकटातून सोडव म्हणतो. एवढ्या मागण्यांत एकच जागा अशी आहे जिथं आपण स्वतः काय केलं ते सांगतो. नेमकी तीच तू उचलून बाजूला ठेवलीस. प्रार्थना शिकवून झाल्यावर प्रभू पुन्हा मागं वळला आणि एकाच ओळीचा खुलासा केला. भाकरीचा केला नाही, मोहाचा केला नाही, हिचाच केला. का? कारण ही दाराची बिजागरी आहे. बिजागरी काढली की दार राहत नाही, भिंतीला टेकवून ठेवलेली फळी राहते. तुम्ही दर रविवारी त्या फळीसमोर हात जोडता आणि पाहुणे म्हणतात, वा, काय मौन!

मूळ ग्रीकमध्ये तिथं जो शब्द आहे तो सोडून देण्याचा आहे. दावं सोडावं, नाव किनाऱ्यावरून सोडावी, तसं. क्षमा ही मनाची हळवी अवस्था असल्याचं तिथं कुठंही म्हटलेलं नाही. हातातलं सोडायचं, एवढंच. तुला वाटतं, आधी राग जाईल, मग तू ओळ म्हणशील. राग असा आपणहून उठून कुणाच्या घरातून गेल्याचं मी तरी वाचलेलं नाही, आणि मी बरंच वाचलं आहे.

आणि अर्पण घेऊन वेदीपाशी आलेल्याला प्रभूनं काय सांगितलं? ते तिथंच ठेव, आधी भावाकडे जा. तू दर रविवारी वेदीपाशी उभी राहतेस आणि भावाकडे पाठ फिरवतेस.

कडक लिहिलं. मागं घेत नाही.

दादा


२ मार्च

दादा,

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात आमच्या शिंप्यानं मला उभं केलं. म्हणजे तू एकटा नव्हतास.

शिंपी साठीचा आहे, जन्मापासून ऐकू येत नाही, अक्षर एक ओळखत नाही, पण माणसाच्या खांद्यांकडे बघून माप सांगतो. भाचीच्या लग्नाला तो दुसऱ्या गावी गेला होता, तिथल्या कर्णबधिरांबरोबर प्रार्थनेला बसला. आपण हात जोडतो त्या जागी ते काहीतरी म्हणत होते. हा एकटाच हात जोडून बसलेला. त्यांना वाटलं, पाहुणा थकला असेल.

रविवारी प्रार्थना संपल्यावर तो सगळ्यांसमोर माझ्यापुढं आला आणि त्यानं मला हातांनी विचारलं, "आमच्या प्रार्थनेतून तू काय काढून ठेवलं आहेस?"

लाँड्रीतल्या मावशीला वाचता येतं. तिला ती ओळ पुस्तकातून ठाऊक होती, आणि ती इतकी वर्षं काही बोलली नव्हती. मी तिला विचारलं, का? ती म्हणाली, तिला वाटलं बहिऱ्यांना तेवढी सवलत असेल. आणि सासूचा विचार करता तिला ती सोयीचीच वाटली होती. सगळे हसले. शिंपी हसला नाही.

मी त्यांना एवढंच सांगितलं, की मला ही ओळ येत नाही, म्हणून तुम्हांला शिकवली नाही. शिंप्यानं माझ्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, तुला येईपर्यंत मी पुढं उभा राहतो. त्याच्या हातांत राग नव्हता. कुणाचं उसवलेलं शिवून द्यावं तसं म्हणाला. आता तो पुढं असतो आणि मी दुसऱ्या बाकावर बसते. ती ओळ आली की एकवीस जणांचे हात चालतात, माझे मांडीवर असतात. दादा, गेली अकरा वर्षं ही खोलीच माझं घर आहे. त्या बाकावर बसून मला ती परक्याची वाटते. पुन्हा पुढं उभी राहायचं तर ती ओळ मला खरी म्हणता आली पाहिजे, नुसते हात हलवून त्या माणसांना फसवता येणार नाही. ती डोळ्यांनीच ऐकतात.

तुझं वेदीचं वाक्य मात्र मी पुस्तक काढून पुन्हा वाचलं. तू घाईत वाचलंस. ज्याच्या मनात भावाविषयी राग आहे त्याला तिथं उठून जायला सांगितलेलं नाही. ज्याच्याविषयी भावाच्या मनात काही आहे, त्याला सांगितलं आहे. म्हणजे ज्यानं दुखवलं त्यानं आधी उठायचं. ते वाक्य माझं नाही, दादा. ज्याचं आहे त्याला वाचून दाखव. डावा कान शाबूत आहे तोवर.

धाकटी


२९ मार्च

धाकटे,

चार पत्रं लिहून फाडली. चारही चांगली उतरली होती, म्हणून फाडली. हे साधं लिहितो.

तू म्हणालीस, ज्याचं वाक्य आहे त्याला वाचून दाखव. मी ते माझ्या टेबलाशी बसून मोठ्यानं वाचलं. खोलीत मी एकटाच होतो.

तो जबाब मी लिहिला.

तू दवाखान्यात होतीस. तपासणी अधिकारी दुसऱ्या दिवशी येणार होता. मधला कापायच्या यंत्राशेजारी जमिनीवर बसला होता आणि एकच सांगत होता, मी खरं सांगणार, जाळी मी काढली. मी त्याला म्हणालो, कारखान्याला टाळं लागेल, बारा माणसं घरी बसतील, आणि तिची बोटं काही परत येणार नाहीत. मी म्हणालो, ती आपली आहे, समजून घेईल. तो नाही म्हणत राहिला. मला बोलता येतं, त्याला येत नाही. पाऊण तासात मी त्याला गप्प केलं. मग कागद घेतला आणि स्वच्छ अक्षरात, शुद्ध भाषेत लिहून त्याच्यापुढं ठेवला. त्यानं सही केली. भाषा कुणाची ते तू बरोबर ओळखलं होतंस, फक्त नाव तुला सुचलं नाही, कारण माझ्यावर तुझा विश्वास होता.

त्याच रविवारी मी क्षमेवर बोललो. माणसं रडली.

तू त्याच्याशी बोलणं सोडलंस तेव्हा तो माझं नाव सांगू शकला असता. त्यानं सांगितलं नाही. माझी चर्चच्या मंडळीत काय पत आहे ते त्याला माहीत होतं. मी मात्र वर्षानुवर्षं तुला लिहीत आलो, त्याला क्षमा कर. तू त्याला सोडलंस की मीही गुपचूप त्यातून सुटेन आणि मला कधी तोंड उघडावं लागणार नाही, असा माझा डाव होता. हे मलाही कालपर्यंत इतकं स्पष्ट दिसलं नव्हतं.

क्षमा मागतो असं इथं लिहायला हवं. लिहिलं. पण माझ्या लेखणीला ते फार सहज येतं, म्हणून त्यावर विश्वास ठेवू नकोस.

दादा


१६ एप्रिल

दादा,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. तुम्ही लिहिलेल्या जबाबापेक्षा हे साधं आहे, एवढं कळलं.

भाऊला पाठवा. वरची खोली रिकामी केली आहे. वहिनीला सांगा, त्याची वही-पेन्सिल बरोबर द्यावी.

तुम्ही येऊ नका.

धाकटी


२४ एप्रिल

धाकटे,

मधला परवा सकाळच्या गाडीनं निघेल. वही-पेन्सिल दिली आहे.

तू मला जन्मात पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणालीस. बरोबर केलंस.

मी वहिनीसमोर त्याला सगळं सांगितलं, म्हणजे जे त्याला माहीतच होतं ते तिला सांगितलं. ती उठून चहा टाकायला गेली, आणि मला न देता दोनच कप घेऊन आली. मग रविवारी मंडळीपुढं सांगितलं. चार वाक्यं बोललो. प्रवचन केलं नाही. पहिल्या बाकावरचे निवृत्त हेडमास्तर, जे माझ्या प्रवचनात हमखास पेंगतात, ते पूर्ण वेळ जागे होते. पंचांनी मला तीन महिने व्यासपीठावर न चढण्याची विनंती केली आहे. मी आता शेवटच्या बाकावर बसतो.

तिथून प्रार्थना म्हणताना एक लक्षात आलं. तू त्या ओळीच्या पहिल्या अर्ध्यावर अडली होतीस, मी इतरांना सोडलं, असं म्हणण्यावर. मी दुसऱ्या अर्ध्यावर अडतो, तू मला सोड, असं मागण्यावर. इतकी वर्षं मी तो इतक्या जोरात म्हणत होतो, की मी काही मागतोय हेच मला ऐकू गेलं नाही.

येणार नाही. बोलावशील तोवर लिहिणारही नाही.

दादा


२० जून

दादा,

भाऊला येऊन आठ आठवडे झाले. पहिल्या दिवशी तो माझ्यासमोर बसला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. मी खूण दाखवली की त्याची नजर माझ्या खांद्यापर्यंत यायची आणि तिथून पळायची. तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी मी त्याच्या वहीत लिहिलं, "ही भाषा बघूनच शिकतात. हाताकडे बघ." त्यानं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग रडला, आवाज न करता, आणि मी बसून राहिले. गप्प हो म्हणाले नाही आणि जाऊ दे असंही म्हणाले नाही. डोळे पुसून झाल्यावर त्यानं माझी खूण करून बघितली. चुकली. मी त्याची बोटं धरून नीट केली. अकरा वर्षांत मी त्याला पहिल्यांदा हात लावला.

त्याच्या हातांना तू ओळखतोसच. शिंपी म्हणतो, हा बोलतो की पुस्तकाच्या पाठीवर हातोडी मारतो? भाऊला हे आठवड्याभरानं कळलं आणि त्यानं शिंप्याच्या कोटाचं एक बटण वेगळ्याच रंगाचं आहे ते दाखवलं. आता दोघं दुपारी एकत्र बसतात. मावशीनं त्याला सासूविषयीच्या सगळ्या खुणा शिकवल्या आहेत, ज्या मी कधी शिकवल्या नसत्या.

मागच्या रविवारी मी सगळ्यांना सांगितलं. जाळीचं, जबाबाचं, भाऊचं, तुझंही. प्रार्थना का तोडली तेही. शिंपी म्हणाला, तुझ्या एका भांडणापायी आम्हांलाही कुणाला सोडायला शिकवलं नाहीस. मी म्हटलं, हो. मग त्यानं विचारलं, आता सोडलंस का? मी म्हटलं, ठाऊक नाही, सकाळी सोडते आणि दुपारपर्यंत ते पुन्हा माझ्या हातात असतं. त्याला यात काहीच नवल वाटलं नाही. म्हणाला, भाकर रोज मागतेस ना, मग हेही रोज कर. आणि तो पुढून उठून माझ्या बाकावर येऊन बसला. पुढची जागा रिकामी राहिली. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी गेले. प्रार्थना सुरू केली. ती ओळ आली तेव्हा माझ्या मनात काही उचंबळलं वगैरे नाही, तू समजशील तसं काही झालं नाही. मला भाऊ दिसला, मग तू दिसलास, खुर्चीत बसून स्वच्छ अक्षरात लिहिणारा. मी डाव्या तळव्यावरून उजवा हात पुढं सारला. दोन बोटं लागली, दोन खुंट लागले. सारला.

समोर एकवीस जणांनी पूर्ण हातानं खूण केली. भाऊनं मात्र तर्जनी आणि मधलं बोट मिटून केली. तो आमच्या प्रार्थनेला पहिल्यांदाच बसला होता, दादा, आणि ही खूण त्यानं फक्त माझ्या हातावर बघितली. त्याला वाटतं, ही खूण अशीच असते. मावशीनं मला डोळ्यांनी विचारलं, याला सांगू का? मी मान हलवली, नको.

आता तुझं. तुला क्षमा केली असं मी इथं लिहिणार नाही. लिहिलेलं तुला फार सहज पचतं, आणि तू त्यावर विचार करशील, आणि विचाराचं प्रवचन होईल. तू ये. आमच्या खोलीत तुझा आवाज कुणाच्या कामाचा नाही. मी ते समोर उभी राहून हातांनी म्हणेन, आणि तुला बघावं लागेल. तुझ्या वाट्याचा अर्धाही तुला हातांनीच म्हणावा लागेल. शिंप्याकडून शिकलास तर पाची बोटांनी शिकशील, माझ्याकडून शिकायचं असेल तर दोन मिटावी लागतील.

प्रार्थना दहाला असते. साडेनऊला ये, ती एक ओळ शिकायला तुला अर्धा तास लागेल.

धाकटी